सहावी-सातवीच्या वर्गात प्रयोग कसा शिकवावा? एका खोडलेल्या ओळीवरून

भुईचाफा (६ जुलै, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. यंदा अकरावं वर्ष. आज वर्गात जे घडलं ते दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

मुगाचा साधाच प्रयोग होता. तीन वाट्या. एकीत कोरडे मूग, दुसरीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले, तिसरीत पाण्यात बुडवलेले. बी रुजायला पाण्याबरोबर हवाही लागते, म्हणून बुडलेले मूग रुजत नाहीत, हे मुलांनी आधीच वाचलेलं. पाच-पाच जणांचे गट केले होते. दुसऱ्या दिवशी एका गटाच्या तिसऱ्या वाटीतही बारीक पांढरी टोकं दिसली. गटातल्या मुलीनं मोजून वहीत लिहिलं, "१४ दाण्यांना मोड." मग शेजारच्या गटाची वही पाहिली, खोडरबर घेतला, ओळ पुसली आणि लिहिलं, "मोड आले नाहीत."

मी मागेच उभी होते. विचारलं, का गं पुसलंस? म्हणाली, "बाई, पुस्तकात नाही येत ना. आमचंच काहीतरी चुकलं असणार."

ही वर्गातली सगळ्यात सरळ पोर. वाटेत सापडलेलं पाच रुपयांचं नाणं मुख्याध्यापकांकडे आणून देणारी. ती खोटं लिहीत नव्हती, तिच्या मते ती चूक दुरुस्त करत होती. आणि ही सवय तिला आम्हीच लावली आहे, वर्षानुवर्षं 'बरोबर निष्कर्षा'ला मार्क देऊन.

वर्गाच्या भिंतीवर तक्ता आहे: निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष. सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण डोळ्यांना दिसलं ते लिहायचं धाडस तक्त्यातून येत नाही. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, प्रयोगशाळेत काम करत असाल, तर सांगा: अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे कसं शिकवता येईल? ४४ मुलं, ३५ मिनिटांची तासिका आणि प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, एवढं धरून सांगा.

गोदाकाठ

साध्य, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही पाचही मथळे आदल्या रात्री घरीच भरून न्यायचो, निरीक्षणासकट! दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला नाही तरी वही पूर्ण असायची. तुमच्या विद्यार्थिनीनं आधी खरा आकडा लिहिला, हेच मला मोठं वाटतं.

अनुराधा_ना

वाचून गलबललं. माझी मुलगी सहावीत आहे, ती नेमकं हेच करेल. वाचते आहे.

सह्यकडा

भुईचाफा ताई, मी ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो. माझ्या वर्गात दोन नियम होते. पहिला, प्रयोगवहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी का बदललं ते लिहायचं. दुसरा, सामानाला हात लावण्याआधी प्रत्येकानं पेनानं लिहायचं, "मला वाटतं असं होईल, कारण…" 'कारण' सोडलं तर ते वाक्य अर्धवट धरायचं.

सातवीला मी लंबकानं सुरुवात करायचो. दोरा, लोखंडी नट आणि सेकंदकाट्याचं घड्याळ, एवढ्यावर भागतं. प्रश्न विचारायचा, जड नट बांधला तर झोके भराभर होतील, सावकाश होतील की तेवढेच? हात वर करून मत घ्यायचं आणि आकडे फळ्यावर लिहायचे. बहुतेक वर्ग 'जड म्हणजे भराभर' म्हणतो. एक झोका मोजायला जाल तर फसाल, वीस मोजा आणि भागा.

एका वर्षी तीन गटांचं उत्तर आलं, जड लंबक सावकाश झुलतो. वीस झोक्यांना दीड-दोन सेकंद जास्त. मी म्हटलं, लिहून ठेवा. मग सगळे मिळून त्या तीन गटांच्या बाकांपाशी गेलो. त्यांची दोरी वीतभरच होती आणि त्यांनी नट एकाखाली एक असे माळेसारखे बांधले होते. वजन वाढलं तसा लंबकही लांब झाला होता. हे मी नाही, मागच्या बाकावरच्या एका मुलानं ओळखलं. "सर, यांनी दोन गोष्टी एकदम बदलल्या." पुढच्या तासाला नट एकाच गाठीत जुडी करून बांधले, आणि झोके तेवढेच आले.

चल राशी, नियंत्रित राशी हे शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. तोवर मुलांचं स्वतःचं वाक्य तयार झालं होतं: एका वेळी एकच बदलायचं, बाकी जैसे थे.

जाता जाता, दोरी एक मीटरची घेतली तर एक झोका जाऊन येऊन जवळपास २ सेकंदांचा होतो आणि २५ सेंटिमीटरची घेतली तर १ सेकंदाचा. लांबी चौपट, वेळ दुप्पट. हे आधी सांगू नका, आठवड्याभरात कुणीतरी शोधतंच.

भुईचाफा

सर, दोन्ही नियम उद्यापासून. रेघ मारायची कल्पना इतकी साधी आहे की आजवर कशी सुचली नाही याचं नवल वाटतंय.

निळी_शाई

थोडा वेगळा सूर लावतो. मी भूगर्भशास्त्रात काम करतो. 'निरीक्षण-प्रश्न-परिकल्पना-प्रयोग-निष्कर्ष' ही पाच पायऱ्यांची शिडी मला मुळात पटत नाही. माझ्या विषयात बऱ्याचदा प्रयोग करताच येत नाही. सह्याद्रीचे लाव्हाचे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचले, ते पुन्हा साचवून कसे बघणार? खगोलशास्त्राचंही तेच. आम्ही खुणा शोधतो, दोन-तीन शक्यता मांडतो आणि कुठली खूण कुठली शक्यता बाद करते ते पाहतो. मुलांना 'प्रयोग म्हणजेच विज्ञान' असं शिकवलं तर निम्मं विज्ञान बाहेरच राहतं.

आणि आधी माहिती हवी. ज्याला हवेत काय काय असतं ते ठाऊक नाही, तो हवेबद्दल काय अंदाज करणार?

सह्यकडा

शिडीबद्दल मान्य, माहितीबद्दल अर्धंच मान्य. मुलांकडे माहिती असते, तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. शेतकऱ्याच्या मुलाला कुठल्या ढगातून पाऊस येतो ते माझ्यापेक्षा जास्त कळायचं. त्याला एवढंच विचारायचं, महिनाभर रोज सकाळी ढगांवरून अंदाज लिहितोस का, आणि संध्याकाळी पाऊस आला की नाही ते? यात तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रयोग नाही, पण पडताळा आहे.

निळी_शाई

हे आवडलं. मग सावलीही घ्या. अंगणात एक काठी उभी रोवायची आणि रोज सावली सगळ्यात आखूड कधी होते ते खडूनं आखायचं. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्याच्या आसपास पहिली वेळ मेच्या मध्याला, तेव्हा शाळा बंद. दुसरी जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढग. तरी ढगांतून दहा मिनिटं ऊन पडलं की वर्ग बाहेर पळतो, हे मी स्वतः पाहिलंय.

अनुराधा_ना

प्रश्न विचारते. परिकल्पना, गृहीतक, अभ्युपगम, यातला नेमका शब्द कुठला? मुलीच्या वहीत तीन ठिकाणी तीन आहेत.

एकतारी

गृहीतक म्हणजे जे आपण तपासायच्या भानगडीत न पडता धरून चालतो. इथे अर्थ बरोबर उलटा हवा, म्हणून तो शब्द बाद. अभ्युपगम बारा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर बसत नाही. परिकल्पना ठीक, पण मुलं त्याला कल्पना समजतात. आपल्याकडे घरचा शब्द आहे की, अटकळ! "माझी अटकळ अशी आहे की…" अटकळ बांधतात, ती खरी ठरते किंवा चुकते. चुकण्याची शक्यता शब्दातच आहे.

गोदाकाठ

आजी म्हणायची, "माझा होरा चुकला." तोही चालेल.

एकतारी

होरा ज्योतिषातला, पण 'चुकला' हे क्रियापद त्याला चिकटून येतं, हे खरं. परीक्षेच्या पेपरात परिकल्पनाच छापलेली असणार, तेव्हा तो शब्द शिकवावा लागेलच. वर्गात बोलताना मात्र अटकळ म्हणा.

हरद्याचा_माणूस

हा धागा बघून राहवलं नाही. आमचं मराठी घर, पण आजोबांपासून मध्य प्रदेशातल्या हरद्यात. तेव्हा हरदा होशंगाबाद जिल्ह्यातच होतं. मी सहावी ते आठवी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिकलो. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांमधून तो सुरू केला होता. १९८२ पासून तो एकलव्य संस्थेनं पुढे नेला.

आमच्या पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरं नसायची. प्रयोग कसा करायचा ते असायचं आणि मग प्रश्न. उत्तर चार जणांच्या टोळीनं आपापल्या वहीत लिहायचं. वार्षिक परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता यायची, कारण नक्कल करण्यासारखं तिच्यात काही नसायचंच. सवालीराम नावाचं एक पात्र होतं, त्याला पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायचे आणि खरोखर उत्तर यायचं. मी विचारलं होतं, पालीची शेपटी तुटल्यावर वळवळते ती दुखतं म्हणून का? उत्तराचं पत्र मी अनेक वर्षं जपून ठेवलं होतं.

माझ्या मनात घर करून बसलेला प्रयोग माशीचा. दोन बरण्यांत ताजं शेण घ्यायचं. एक उघडी ठेवायची, दुसरीच्या तोंडाला लगेच कापड बांधायचं. आमच्या घरी सगळे म्हणायचे, शेणात किडे आपोआप होतात. काही दिवसांत उघड्या बरणीत अळ्या आणि बांधलेलीत काही नाही. पण आमच्या टोळीच्या बांधलेल्या बरणीतही तीन अळ्या निघाल्या! वर्गात वाद पेटला. गुरुजींनी उत्तर दिलं नाही, कधीच देत नसत. दोन दिवसांनी आमच्यातलाच एक म्हणाला, शेण गोठ्यातून आणताना वाटेतच माशी बसून गेली असेल तर? मग भल्या पहाटे गाईमागे बरणी घेऊन उभे राहिलो. त्या खेपेला एकही अळी नाही.

पुढे कॉलेजात वाचलं की इटलीत फ्रान्सिस्को रेदीनं १६६८ मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून हेच दाखवलं होतं. वाचताना मला वाटलं, हा माणूस आपल्या टोळीतला.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट. अजून वाईट वाटतं.

सह्यकडा

हरदेकर, ही बरणीची गोष्ट मी माझ्या नातवाला वाचून दाखवली. तो म्हणाला, आपल्याकडे गाय नाही, मग केळ्यावर करू.

निळी_शाई

विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची काडीपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची मॉडेल्स याच होशंगाबादेत सुचलेली. ते १९७८ मध्ये तिथे गेले होते. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसोबत काम केलं. भुईचाफा, तुमच्या लोखंडी कपाटात या काड्या आणि नळ्या नक्की मावतील.

दादरची_मीनल

सगळं छान आहे, पण पालक म्हणून माझी अडचण ऐका. मुलगा डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसलाय. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प. प्रकल्पासाठी पालकांच्या ग्रुपवर विषय फिरतात, तयार तक्ते फिरतात. मुलाला स्वतःचा प्रश्न घ्यायचा होता: सोसायटीतल्या कुंड्यांत डास कुठल्या पाण्यात जास्त होतात. मला तो 'छोटा' वाटला, मी त्याला मोठा विषय घ्यायला लावला. आता त्याला त्यात रसच उरला नाही. धागा वाचून मी कुठे चुकले ते कळतंय, पण गुण मिळायला भारी विषय लागतो ही भीती खोटी नाही हो.

हरद्याचा_माणूस

मीनलताई, डासांचा विषय परत द्या त्याला. स्वच्छ पाणी, साबणाचं पाणी, पालापाचोळा पडलेलं पाणी, प्रत्येकी तीन-तीन डबे. दर तिसऱ्या दिवशी गाळून अळ्या मोजायच्या आणि मोजून झाल्या की पाणी उन्हानं तापलेल्या जमिनीवर ओतून टाकायचं, नाहीतर सोसायटीत डास वाढतील. परीक्षकानं विचारलं की मुलगा अर्धा तास बोलू शकेल, कारण सगळं त्यानं स्वतः मोजलेलं असेल.

मिरचीचं_देठ

नाव याच प्रयोगावरून घेतलंय. :) विरजण नसेल तर दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकली की दही लागतं, असं आमच्याकडे म्हणतात. मे महिन्यात भाचरं आली होती, करून पाहिलं. सकाळी वाटी घट्ट! मुलं नाचायला लागली. तेवढ्यात धाकटा, पाचवीतला, म्हणाला, "मावशी, देठ न घालता ठेवलं असतं तर?" परत दोन वाट्या. तेच कच्चं दूध, तोच ओटा, एकीत देठ, एकीत काही नाही. सकाळी दोन्ही घट्ट. कच्चं दूध मेच्या उकाड्यात आपणहूनच लागत होतं. मग तापवलेल्या दुधावर करायचं ठरलं, पण सुट्टी संपली. दिवाळीत येणार आहेत, तेव्हा कळवीन. ती 'काही नाही'वाली वाटी मला त्या मुलानं शिकवली.

गोदाकाठ

मला एक जुनी शंका आहे. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वर पेला उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. आम्हाला सांगितलं होतं, हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. खरं आहे का हे?

रसायन_गल्ली

नाही, आणि बुडालेल्या मुगाइतकाच हा प्रयोगही या धाग्यासाठी उत्तम आहे. मेणबत्ती जळते तेव्हा ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते. शिवाय बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते. पाणी चढतं त्याचं मुख्य कारण उष्णता. पेला खाली आणताना आतली हवा तापून फुगलेली असते, काही बाहेरही निसटते. काठाशी बुडबुडे दिसतात ते तेच. ज्योत विझली की हवा गार होऊन आकसते, वाफ निवते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

पण हे मुलांना सांगायचं नाही. त्यांना दोन गोष्टी बघायला लावायच्या. पाणी कधी चढतं, जळत असताना हळूहळू की विझल्यावर एकदम? आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? ऑक्सिजनची गोष्ट खरी असेल तर पेला तोच, हवा तेवढीच, म्हणून पाणीही तेवढंच चढायला हवं. उष्णतेची गोष्ट खरी असेल तर जास्त चढायला हवं. दोन अटकळी, दोन वेगळी भाकितं, आणि ताटली निवाडा करते. (पाण्यात थोडं कुंकू टाका, मागच्या बाकापर्यंत दिसतं.)

भुईचाफा

हा मी पुढच्या आठवड्यात घेणारच. ताटल्या आणि पेले पोषण आहाराच्या खोलीतून मागते.

अल्पविराम

मी संगणकातला माणूस, पण दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना शिकवायला जातो. सामान न लागणारा एक खेळ देतो. फळ्यावर लिहा २-४-६. सांगा, हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सांगा, मी फक्त 'बसतं' किंवा 'बसत नाही' म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा.

मुलं म्हणतात ८-१०-१२. बसतं. २०-२२-२४. बसतं. लगेच ओरडतात, दोन-दोननं वाढतात! चूक. नियम एवढाच असतो की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा. ७-८-१०० पण बसतं, पण ते कुणी विचारतच नाही, कारण सगळे आपल्या मनातलं खरं करणारेच आकडे विचारतात. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये मोठ्या माणसांवर हा प्रयोग केला होता, तीही अशीच अडकली. दुसऱ्या शनिवारी माझ्याकडची एक मुलगी म्हणाली, "दादा, आज मी आधी 'नाही' येईल असंच विचारणार." मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

एकतारी

आठवीच्या मुलांना आपल्या मातीतलं एक उदाहरण जरूर सांगा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पत्रिकांची चाचणी घेतली होती, निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन २०० पत्रिका तयार केल्या. कुठली कुणाची ते ज्योतिषांना माहीत नाही. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून कळवलं. अचूक उत्तरांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेनं सगळ्या २०० तपासल्या, १०२ बरोबर. नाणं उडवलं तरी एवढं येतं. श्रद्धेवर टीका नाही, वाद नाही, नुसती मोजणी.

भुईचाफा

एकतारी, उदाहरण फार चांगलं आहे. पण गावात पहिल्याच महिन्यात पत्रिकेला हात घातला तर पालक समजतील मी घरातल्या देवाविरुद्ध शिकवते. मला मुलं घरच्यांपासून तोडायची नाहीत. पद्धत तीच ठेवून साधं काही आहे का?

रसायन_गल्ली

आहे. माठाचं पाणी आणि नळाचं पाणी चवीनं ओळखता येतं असं छातीठोक सांगणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. दोन्ही पाणी एकाच तापमानाला आणा, डोळे बांधा, दहा वेळा पाजा. कुठलं पाणी द्यायचं ते दर वेळी नाणं उडवून ठरवा. आणि पेला देणाऱ्यालाही कुठला कुठला ते माहीत नको, नाहीतर त्याचा चेहराच सांगतो.

मग खरा प्रश्न येतो: दहापैकी किती बरोबर आले म्हणजे खरंच ओळखता येतं म्हणायचं? आधी सगळ्या वर्गाला दहा-दहा वेळा नाणं उडवू द्या. ४० मुलांत सरासरी दोघांना निव्वळ योगायोगानं ८ किंवा जास्त छापे पडतात. मुलांना हे डोळ्यांनी बघायला मिळालं की '८ बरोबर आले' याचं वजन किती ते आपोआप कळतं.

अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या मुलीनं नऊ वर्षांची असताना असंच केलं होतं. शरीराभोवतीची ऊर्जा हातानं जाणवते असं म्हणणारे २१ उपचारक. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. ती आपला हात त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर धरायची आणि कुठल्या ते नाण्यानं ठरवायची. २८० पैकी ४४ टक्के बरोबर. १९९८ मध्ये तो शोधनिबंध मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तुमच्या सहावीएवढी.

जर्सीची_सून

इथे न्यू जर्सीत माझी मुलगी सहावीत आहे. तीन घड्यांच्या पुठ्ठ्यावर पाच मथळे छापून मिळतात, तेही शेवटी साचाच. २०१३ च्या इथल्या नव्या विज्ञान मानकांत पायऱ्यांऐवजी आठ 'सवयी' आहेत: प्रश्न विचारणं, प्रतिकृती बनवणं, पुराव्यावरून वाद घालणं वगैरे. त्यातली वाद घालण्याची मला सगळ्यात आवडते. मुलीला दर आठवड्याला वर्गात म्हणावं लागतं, "मी तुझ्याशी सहमत नाही, कारण तुझ्या तक्त्यात…" 'तुझ्याशी' नाही, 'तुझ्या तक्त्याशी', असं शिक्षिका दुरुस्त करतात.

अकोल्याचा_संत्या

पण ४४ पोरं आणि ३५ मिनिटं, हे विसरू नका मंडळी. मी स्वतः सहावीला शिकवतो. गट केले की दहा मिनिटं बाकं सरकवण्यात जातात. मी आता एकच प्रयोग चार तासिकांत घेतो. पहिलीत फक्त प्रश्न आणि अटकळ, दुसरीत मांडणी, तिसरीत मोजणं, चौथीत भांडण. वर्षात असे पाचच होतात. बाकीचे धडे वाचून, फळ्यावर आकृती काढून. अभ्यासक्रम पुरा होतो आणि पाच प्रयोग पोरांच्या हाडात बसतात.

सह्यकडा

संतोषराव, पाचही पुष्कळ झाले.

भुईचाफा (२८ जुलै, रात्री १०:१५)

तीन आठवड्यांनी येते आहे, सविस्तर लिहिते.

खोडरबर बंद केला. पहिले दोन दिवस मुलं कासावीस, वह्या घाण दिसतात म्हणून. तिसऱ्या दिवशी ज्याच्या वहीत जास्त रेघा तो ऐटीत दाखवायला लागला, तेव्हा सांगावं लागलं की रेघ मारण्यासाठी रेघ नको.

त्या मुलीला मी वर्गासमोर उभी केली नाही. फक्त म्हटलं, मुगाचं आपलं भांडण राहिलंय. तिचीच अटकळ निघाली: "आमच्या वाटीत पाणी कमी होतं बाई, मूग जेमतेम बुडले होते." मग मांडणी मुलांनी ठरवली. प्रत्येकी ५० मूग. एक पसरट ताटली, दाणे जेमतेम बुडतील एवढं पाणी. दुसरा उंच पेला, काठोकाठ पाणी. तिसरा तसाच पेला, पण पाणी उकळून गार केलेलं आणि वर तेलाचा थर. ही तिसरी कल्पना आठवीतल्या एका मुलाची. त्यानं मासे पाण्यातल्या हवेवर जगतात ते वाचलं होतं, आणि उकळताना आधी बुडबुडे येतात ती पाण्यातली हवाच, हेही.

दोन दिवसांनी सातपैकी सहा गटांत ताटलीतल्या निम्म्याहून जास्त मुगांना टोकं आली. उंच पेल्यात कमी, तेलाखाली सगळ्यात कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी बुडलेले सगळेच वास मारायला लागले, मोड पुढे वाढलेच नाहीत. म्हणजे पुस्तक अगदीच चूक नाही आणि तिची १४ दाण्यांची ओळही चूक नाही. मुलांनी वाक्य तयार केलं: "पाण्यातही थोडी हवा असते, ती संपेपर्यंत मूग प्रयत्न करतात." 'प्रयत्न करतात' यावर निळी_शाई आक्षेप घेतील, पण मी तसंच ठेवलंय.

आता दोन प्रश्न उरलेत. पहिला, गुणांचा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रात्यक्षिकाचे गुण द्यायचे आहेत आणि आमच्या वरिष्ठांना वह्यांत एकसारखं उत्तर बघायची सवय आहे. दुसरा, सातव्या गटाचा. त्यांच्याकडे ताटलीतही ५० पैकी ९ च रुजले.

सह्यकडा

गुणांचं मी असं करायचो. दहापैकी तीन अटकळीच्या 'कारणा'ला, तीन मांडणीला, तीन जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिण्याला, एक निष्कर्षाला. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून वरिष्ठांची सही आधीच घ्या. पुढे कुणी विचारलं तर पान उघडायचं. सातव्या गटाला काय वाटतं ते विचारलंत का?

भुईचाफा

विचारलं. पहिल्या दिवशी म्हणाले, आमचं चुकलं. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी एक जण घरून विचारून आला: त्यांचे मूग आजीच्या डब्यातले होते, गेल्या वर्षीच्याही आधीचे. बाकी सगळ्यांचे दुकानातले. आता त्यांना जुने आणि नवे मूग ओल्या फडक्यात शेजारी शेजारी ठेवून बघायचे आहेत. अडचण एकच, आजीचे जुने मूग संपले. कुणाकडे दोन-तीन वर्षांपूर्वीचे, कीड न लागलेले मूग आहेत का? १०० दाणे पुरतील.

मिरचीचं_देठ

माझ्याकडे आहेत. आईनं राखेत घोळवून ठेवलेले, २०२२ च्या खरिपाचे, डब्यावर तिच्याच अक्षरात तारीख आहे. शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, सोमवारी पोस्टात टाकते. दोनशे पाठवते, शंभर नंतरच्या गटासाठी राहू द्या.

अनुराधा_ना

निकाल आला की इथेच लिहा. मुलीनं अटकळ बांधून ठेवली आहे: शंभरातले चाळीस रुजतील. कारण विचारलं तर म्हणाली, "बी पण म्हातारं होत असणार." पेनानं लिहून घेतलंय.